एका शब्दाचं लेबल

"हे वाचून दाखवा बरं," म्हणत सिस्टर फिलोमिनांनी लेबल माझ्यासमोर धरलं.

आधी श, मग एकटी मात्रा, मग नुसतं टिंब, मग ग, आणि प्रत्येकाच्या मध्ये स्वल्पविराम. 'शेंगदाणे' होतं ते. चौदा नंबर बेडच्या आजींना शेंगदाण्याची ॲलर्जी. आणि त्या दिवशी जेवणात काकडीची कोशिंबीर होती, दाण्याचा कूट घातलेली.

हॉस्पिटल कल्याणचं, सॉफ्टवेअर आमच्या ठाण्याच्या कंपनीचं. पेशंटला काय द्यायचं नाही, त्याची लेबलं ताटांवर लागतात. साडेबाराला ट्रॉली निघते. तोवर जमलं नाही तर सिस्टम काढून टाकू, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं. मी मुलांसाठी आठ वर्षं घरी थांबून नुकतीच कामावर परतलेले. साइटवर एकटीच.

मॅनेजर नाईक सरांना फोन लावला.

"फॉन्ट बदल."

"काल दोनदा बदललाय, सर."

"मग थांब. सीनिअरला पाठवतो, दोनपर्यंत पोचेल."

दोनपर्यंत जेवणं होऊन गेली असती. मी सिस्टरना विचारलं, "कुठलं लेबल बरोबर येतं?"

"दोन-तीन गोष्टी बंद असतील तर चांगलं येतं की! एकच असली की हा असा घोळ."

तिथेच माझी ट्यूब पेटली. प्रोग्रॅममध्ये जॉइन नावाची कमांड असते. यादीतले शब्द घ्यायचे, मध्ये स्वल्पविराम घालायचा, एक ओळ करायची, एवढंच तिचं काम. आमचा फॉर्म एकच पदार्थ असला की यादी न करता नुसता शब्द पाठवत होता. जॉइनने त्या शब्दालाच यादी मानलं आणि मध्ये स्वल्पविराम घालत अक्षरं सुटी केली. काना-मात्रासुद्धा.

"सर, सापडलं. शब्द एकटा असेल तर आधी त्याची यादी करायची. दोन ओळींचा बदल आहे. टाकू?"

"नक्की?"

"नक्की."

"टाक. आणि स्वतः तपास."

एक पदार्थ, तीन पदार्थ, एकही नाही. सगळं छापून पाहिलं. शेवटचं कोरं लेबल सिस्टरनी परत दिलं. "पथ्य नाही की लिहायचं राहिलं, मला कसं कळणार?" बरोबर होतं. तिथे 'पथ्य नोंदवलेलं नाही' असं छापायला लावलं.

बारा वीसला प्रिंटर सुरू झाला. पहिलंच लेबल: शेंगदाणे. अख्खं, काना-मात्रेसकट! ताटं वाढणाऱ्या मावशींनी ते मोठ्याने वाचलं, कोशिंबिरीची वाटी उचलली आणि तिथे दही ठेवलं. ट्रॉली वेळेवर निघाली. मी तिच्या मागोमाग वॉर्डापर्यंत गेले, उगाचच. आजी जेवताना मला पाहून म्हणाल्या, "तू कोण गं?"

"लेबलवाली," मी म्हटलं. इतका आनंद मला कुठल्याच प्रमोशनचा झालेला नाही.

सिस्टम राहिली. सीनिअर दोनला पोचला, त्याला मी कॅन्टीनमध्ये चहा पाजला.

तेव्हापासून एक सवय लागली. काय बिघडलंय हे सगळेच सांगतात. काय बिघडलेलं नाही, ते आपणहून विचारावं लागतं.