परसातला अनोळखी वेल

नर्सिंग शिकायला मी पुण्याला निघाले, त्या सकाळी गावात एसटी आणि पाण्याचा टँकर एकाच वेळी आले. माय घागरी घेऊन रांगेत उभी होती. तिथूनच हात करून म्हणाली, "जा तू. माझा लंबर आलाय." मी खिडकीतून बघत राहिले, पण तिनं पुन्हा मान वळवली नाही. घागर भरत होती.

आष्टीकडच्या आमच्या गावाला तेव्हा ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले होते. दादा, म्हणजे माझे वडील, सहकारी दूध संस्थेत माप घ्यायचे. जनावरं चारा छावणीत गेली आणि संस्थेला कुलूप लागलं. घरामागचं परस माय भांड्यांच्या पाण्यावर जगवायची. त्या वर्षी भांडीही राखेनं कोरडीच घासली गेली आणि परस वाळून गेलं.

पुण्यात मला नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. पुढं दादा वारले. ते गेल्यानंतरच्या तिसऱ्या मे महिन्यात मायला कायमचं न्यायला मी आठवड्याची रजा काढून गेले. तिनं निमूट पेटी भरली. दुसऱ्याच दिवशी दुपारी वळवाचा पाऊस झाला. तासभर पत्रे नुसते वाजत होते.

निघायच्या सकाळी माय परसात उकिडवी बसलेली दिसली. दगडासारख्या त्या जमिनीतून कोंब वर आले होते. तांदुळजा तिनं लगेच ओळखला. भिंतीकडेला मात्र दोन जाड पानांचं एक रोप होतं.

"हा वेल हाय," ती म्हणाली. "पण कशाचा?"

शेजारच्या काकू दोडका म्हणाल्या. मायनं नाही म्हणून मान हलवली. मलाही ते कोडं सुटेना. बी कुणी टाकलं, एवढे उन्हाळे मातीत राहिलं कसं? तरी गाडीची वेळ होत आली होती.

"माय, वेल बघायला कोण थांबतं?"

"कावून? मी थांबते की. येत न्हाई म्हनलं का मी? हे काय हाय तेवढं बघू दे."

चिडून मी एकटीच परतले. नगर येईपर्यंत चीड उतरली, आणि डोक्यात राहिली ती दोन पानं.

मग रोज फोन. फुलं पिवळी आली. फळ धरलं. एके दिवशी ती हळूच म्हणाली, "वाळूक हाय गं. तुझ्या दादानं खाऊन बिया टाकल्या असतील."

आषाढात माय एकटी पुण्याला आली. पिशवीत पट्ट्यापट्ट्यांची, काकडीच्या जातीची दोन जाडजूड वाळकं. ती आम्ही मीठ लावून खाल्ली. बिया धुऊन तिनं खिडकीत वाळवल्या आणि चौथ्या दिवशी घेऊन गावाला परत गेली. मी अडवलं नाही.

माझा संसार, माझी माणसं पुण्यात आहेत. इथलं घर आता मला अंधारातही पाठ आहे. पण तिकडं पाऊस झाल्याचं कळलं की मी ड्यूटीवरूनच फोन लावते आणि विचारते, "काय उगवलं?" माय चप्पल घालून परसात जाते. ती सांगेपर्यंत मी फोन कानाला धरून थांबते. तेवढा वेळ मी गावातच असते.