घूं गेल्याशिवाय तबकडी नाही

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी कोपऱ्यात उरतातच. सोल्डरचे मणी आणि किस्से. आर्वीतलं माझं दुकान बंद होऊनही पुष्कळ वर्षं झाली. मणी गेले, किस्से आहेत. हे सगळे एकाच कामाचे.

दुकानात रोजचे दोघं. बबनराव लाउडस्पीकर भाड्यानं देत. गुलाबराव एस.टी.चे ड्रायव्हर. त्यांच्या बायको शांताबाई भजनी मंडळात मागच्या रांगेत गायच्या. मंडळाची एक तबकडी निघाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शांताबाई गेल्या. आमच्या रेकॉर्ड-प्लेअरची जड पिन तबकडी खरवडते, म्हणून गुलाबराव ती लावूच देत नसत.

"पिन हलकी पाह्यजे, आवाज साफ पाह्यजे. मंग लावू."

मी म्हटलं, "करून देतो."

*

बबनरावांच्या मेव्हण्यानं मस्कतहून हलक्या पिनेचा पिकअप, म्हणजे पिन बसते ते टोक, आणला. बसवला. अ‍ॅम्प्लिफायर फुल्ल केला, तर मुंगीनं खाकरावं एवढाच आवाज!

बबनराव म्हणाले, "मेव्हण्यासारखाच हाय. दिसाले भारी, कामाले नाई!"

मी सांगितलं, या जातीचा आवाज मुळातच बारीक असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावून तो वाढवावा लागतो.

"अंदर एवढे ट्रान्झिस्टर भरले हायेत, अजून ट्रान्सफॉर्मर काऊन?"

"लेकराले खांद्यावर घेतल्याशिवाय जत्रा दिसते का, बबनराव?"

*

तसा ट्रान्सफॉर्मर काही माईकच्या पोटात असतो. बबनरावांनी एक जुना माईक दिला. मी पोट रिकामं केलं आणि झाकण लावून माईक फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी गडबडीत बबनरावांनी तोच उचलून अल्लीपूरच्या सभेला नेला!

पुढारी घाम पुसत, हात उडवत बोलले. पहिल्या रांगेपलीकडे एक शब्द गेला नाही. बबनराव मान खाली घालून परतले.

मागोमाग अल्लीपूरहून निरोप आला, "पुढच्या सभेलेही हाच माईक आणजा!"

*

ट्रान्सफॉर्मर लावला आणि आवाज असा उघडला की तबलजीची बोटं मोजावीत. पण मागून एक सारखं घूंऽऽ. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या विजेची गुणगुण तो छोटा ट्रान्सफॉर्मर ओढून घेत होता.

गुलाबराव तबकडी काखेत धरून आले. ऐकलं. "इंजन सुरू हाय, पन गाडी न्यूट्रलमधी," म्हणाले आणि तबकडी घेऊन परत गेले.

मी ट्रान्सफॉर्मर लोखंडी डब्यात ठेवला. घूं अर्धी झाली. दोन दिवसांनी आमची मंडळी दुकानात आली. "माहा चिवड्याचा डबा इथं हाय व्हय?" म्हणत तिनं ट्रान्सफॉर्मर बाहेर ठेवून डबा उचलला. घूं दुप्पट!

"वहिनी, डबा!" बबनराव ओरडले.

तिनं डबा परत ठेवला. "आयका मंग डबा. चिवडा मागू नका!"

*

उरलेली अर्धी घूं जाईना. ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला, तिरपा केला. कुठल्या तरी कोनात ती मरते हे मला ठाऊक होतं. एका दुपारी ड्यूटी संपवून गुलाबराव आले. म्हणाले, "आना इकडं."

त्यांनी ट्रान्सफॉर्मर डब्यातून काढून हातात धरला आणि स्टिअरिंग फिरवावं तसा हळूहळू फिरवू लागले. प्लेअरच्या थोडं वर, हवेत, एका कोनात घूं एकदम गेली. दुकान रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"खाली ठेवा आता," बबनराव म्हणाले. खाली ठेवला, जरासा हलला, की घूं परत.

"राहू द्या. मी धरतो," गुलाबराव म्हणाले. "घाटात गाडी धरली हाय या हातानं."

पिशवीतली तबकडी त्यांनी मला काढायला सांगितली. मी ती पुसली, हलकी पिन टेकवली. गुलाबरावांचा हात दगडासारखा स्थिर. भजन अजून सुरू व्हायचं होतं. त्या शांततेत, तबकडीतल्या मागच्या रांगेतून, काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

बबनरावांनी माझ्याकडं पाहिलं. गुलाबराव हसले.

"म्या म्हणलं होतं तिले, बांगड्या काढून ठेवजो. आयकलं का कधी माहं!"

मग बायांनी भजन उचललं, आणि मागून घूं पुन्हा सुरू झाली.