दोघींचा कोयता

आमची रेश्मा म्हंजी माज्या धाकट्या भावाची बायकू. भाऊ गेला त्या साली मुकादम अजिनाथ ऊसतोडीची टोळी जमवत दारात आला आन रेश्माला म्हनला, "कोयता म्हंजी एक बाप्या, एक बाई. तुझा बाप्या गेला. आपल्या टोळीतल्या कानिफनाथाची बायकू माहेरावनं आलीच न्हाई. त्याच्या जोडीला ये. ऱ्हायाला पाचटाची कोपी बी एकच घ्या, काय बिघडलं?"

माजं टाळकंच सरकलं! परक्या बाप्याबरं सहा म्हैने एका कोपीत? रेश्मा पांढरीफट्ट पडली, पर बोलली. "मी ताईंबरं येते. आमी दोघींचा एक कोयता."

मी नवऱ्यानं टाकलेली, चाळिशी उलटलेली. मला तरी कुटं इचारलं हुतं तिनं!

मुकादम फिदीफिदी हसला. "दोन बायांचा कोयता व्हतो व्हय? तोडाल बी, पर गाडी कोन भरंल? पहिली गाडी भरून दावा. एक जरी मोळी खाली पडली, तर ही कानिफनाथाच्या जोडीला, न्हाईतर घरी."

उसाच्या फडात बाप्या तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते. रेश्मानं तोडलं, मी बांधलं. मग गाडी लागली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं मी चढायची आन वर रेश्मा रचायची. रचनं बाप्याचंच काम, म्हनून समदी टोळी हात बांधून बघाया उभी. कानिफनाथ बिडी वढत हुता. मेल्याचं तोंड बघून पित्त खवळलं माजं.

शेवटच्या मोळीला पाय सरकला. फळी सांजच्या दवानं वली हुती. मोळी कलली, मान पिरगाळली, खाली कुनीतरी हसलं.

"ताई, सोडू नका!" रेश्मा उसावर पालथी पडली आन मोळीचा बांध धरून वढाया लागली. तळहाताची सालं निघाली तिच्या, पर मोळी वर गेली.

"उद्या या फडात," एवढंच म्हनला मुकादम. मी तिथंच बसून रडले.

कोपीवर आल्यावर बाप्ये हातपाय धुऊन टेकले, बायका चुलीला लागल्या. आमची लई पंचाईत झाली. आमच्यात टेकायचं कुनी?

"आज तुमी बाप्या, ताई. बसा. उद्या मी," म्हनत रेश्मानं पीठ मळाया घेतलं. दुसरं कुनी भाकरी थापतंय आन मी बसलीय, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

शेजारची ज्ञानेश्वरी विस्तव मागाया आली. कडंवर लेकरू. आमच्याकडं बघत उभीच राहिली. तिकडनं तिचा नवरा वरडला, "भाकरी कुटंय?"

ती वाकली, विस्तव घेतला आन त्याला ऐकू जानार न्हाई असं म्हनली, "ताई, पुढच्या साली मला घेता का जोडीला?"