उलटा हात

पाहुण्यांना झटका मशीन दाखवायची होती, म्हणून मालकानं मला हाक मारली. मी बारा वर्षांची. वावरात भुईमुगाच्या शेंगा वेचत होते. मशीन नवी होती. रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती तार ओढलेली, आणि ती मशीन दर सेकंदाला तारेत एक झटका सोडायची. टक. टक. जनावर मरत नाही, पळतं. पण पाहुण्यांना ते पटणार कसं?

"हात लाव," मालक म्हणाला.

मी लावला. झटका कोपरापर्यंत गेला. मी उडाले आणि मागच्या मागे ढेकळांत बसले. पाहुणे पोट धरून हसले. एकजण म्हणाला, पुन्हा एकदा. मी पुन्हा लावला. माझा बाप तिथंच खताचं घमेलं घेऊन उभा होता. तो हसला. आणि मीही हसले. झटका मी विसरले असते. ते माझं हसणं अजून विसरता येत नाही.

बाप त्या शेतावर सालगडी होता, वर्षभराच्या बोलीवर बांधलेला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं रान. त्या दिवसापासून तार तपासणं माझंच काम झालं. टेस्टर मोटारीच्या पेटीत पडून असायचा. मालकाची लेकरं तारेजवळ गेली की मालकीण घरातून धावत यायची. आम्हाला त्यांच्या माठाला शिवायची बंदी. प्यायचं पाणी वरून ओंजळीत. माठाला न चालणारा हात तारेला मात्र चालायचा.

बापानं मला एकच गोष्ट शिकवली. "उलटा हात लाव, बाई. सुलटा लावला तर मूठ मिटती, मग सुटत न्हाई." लावूच नको, असं त्याला सांगता आलं नाही. तो वाईट नव्हता. त्याच्या बापानंही त्याला असंच काहीतरी शिकवलं असणार.

आजही मी नळाला, दाराच्या कडीला, शेगडीला आधी उलटा हात लावते. टिकटिक ऐकवत नाही, म्हणून घरात भिंतीवर घड्याळ नाही. माझी लेक विचारते, आई, असं काहून करतीस? मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मशीन आली त्याच्या पुढच्या हंगामात तिची बॅटरी बसली. मालकानं ती दुरुस्त केली नाही. मोटारीच्या पेटीतून सरळ लाईनच तारेला जोडली. याला कायद्यानं मनाई आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. एक दिवस सकाळी आम्ही गेलो, तर आमच्या वस्तीतली तांबडी कुत्री तारेला चिकटून मेलेली. मालक बांधावर उभा होता. पेटी पार पलीकडच्या टोकाला, विहिरीपाशी. लाईन बंद करायला तिथवर चालत जायचा त्याला कंटाळा.

"लाईट गेलेली हाय," तो मला म्हणाला. "तरी हात लावून बघ."

मी कुत्रीकडं बघत राहिले. तेव्हा बाप पुढं झाला. त्यानं हात उलटा केला. माझ्याऐवजी. तो हात तारेकडं जाताना मी पाहिला, आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून मागं ओढलं.

"मालक, तुमी लावा," मी म्हणाले.

मालकाचे हात खिशात होते. ते बाहेर आले नाहीत. तेवढ्यात शेजारच्या रानातली मोटार आपोआप सुरू झाली. लाईट आली होती. मग मालकानं बापाला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, पोरगी माजली तुझी.

घरी येताना बाप रडत होता. माझ्यावर चिडून की स्वतःवर, मी विचारलं नाही. आता तो नाही.

परवा ग्रामसभेत कुंपणाचे नियम ठरवायचे होते. वाटेपासून किती जागा सोडायची, काटेरी तार कुठं चालेल, झटका मशीनजवळ फलक लावायचा, सरळ लाईन जोडायची नाही. सगळं वाचून झालं तशी मी उभी राहिले. म्हणाले, अजून एक लिहा. तार टेस्टरनं तपासायची, मजुराच्या हातानं नाही.

मालक पुढच्या खुर्चीत होता. आता म्हातारा झालाय. मागं वळून त्यानं सभेला माझी ओळख करून दिली. "ही तीच की, हात लावणारी. लई उडायची."

सभा हसली. मी हसले नाही.

ग्रामसेवक म्हणाले, असला नियम नसतो, बसा ताई. मी म्हणाले, "लिहिल्याबिगर मी बसत न्हाई." पायाला मुंग्या आल्या, चहा येऊन गेला, लोक उठायला लागले. शेवटी त्यांनी लिहिलं. मी ते वाचून घेतलं आणि मगच बसले.

कागद कुणी पाळत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून हंगाम लागला की मी बांधाबांधानं फिरणार आहे. जिथं तार दिसेल तिथं मालकाला बोलावणार. टेस्टर दाखवा म्हणणार. नसला तर म्हणणार, मग तुमचा हात लावा.

सुलटा.