गॅरेजातली टेप आणि बाना म्वेवा

लुआन्श्याच्या तांब्याच्या खाणवस्तीत मुलीचं लग्न ठरलं की नवऱ्याकडच्या बायका आधी एकच विचारतात, "मुलीची नाचिंबुसा कोण?" लग्नाआधी मुलीला बंद खोलीत बसवून, ढोलावर गाणी म्हणत संसार शिकवते ती नाचिंबुसा. उत्तर ‘बाना म्वेवा’ असं आलं की त्या बायका निवांत पदर सावरून बसतात आणि पुढचं बोलणं सोपं जातं.

म्वेवाची आई म्हणून बाना म्वेवा. खरं नाव फेलिस्तस. पण त्या नावानं हाक मारणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच राहिली होती. बाई अंगानं भरलेली, आवाज खर्जातला, हाताला चव अशी की शेंगदाण्याचं कूट घातलेली तिची पालेभाजी खायला पाद्रीबाबासुद्धा काही ना काही निमित्त काढून येत. चर्चच्या महिला मंडळात ती पहिल्या बाकावर बसे. मुलींना शिकवताना मात्र भारी कडक. खोलीत मुलगी आली की हनुवटी धरून सांगायची, "इथलं गाणं उंबऱ्याबाहेर गेलं, तर मी तुला ओळखत नाही. बाप्याच्या कानावर तर नाहीच नाही."

हे सांगताना ती मुलीच्या डोळ्यांत कधी बघत नसे. तिची आणखी एक खोड होती. प्रार्थनेत ‘आमचे अपराध आम्हाला क्षमा कर’ ही ओळ आली की तिला हमखास खोकला यायचा. शेजारच्या बाकावरच्या बायका म्हणत, धूळ फार आहे बाई खाणीची.

एके सकाळी सिम्पासा तिच्या दारात आला. काखोटीला टेपरेकॉर्डर आणि तोंडभर हसू. हा म्हातारा एके काळी तिच्या भावाच्या, डॅनीच्या, बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँडचं नाव ‘थर्ड शिफ्ट’. डॅनीच्या उस्तादाच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजात, इंजिन टांगायच्या साखळीखाली हे चौघे संध्याकाळी गिटारी बडवायचे. तेव्हा तांब्याला भाव होता आणि प्रत्येक गल्लीत एक तरी बँड होता. पुढे भाव पडला, बँड गेले, माणसंही गेली. डॅनीला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"फेलिस्तस! अगं डॅनीच्या घराचे पत्रे काढले ना, तर माळ्यावर बिस्किटांचा डबा. मला वाटलं पैसे! निघाल्या आमच्या टेपा." सिम्पासा परवानगी न घेताच स्टुलावर बसला. "उंदरांनी दोन खाल्ल्या. त्यांना काही चव आहे म्हणायची! उरलेल्या मी किटवे शहरात नेऊन कॅसेटवर उतरवून आणल्या. रेडिओवाली पोरगी नुसती नाचतेय. म्हणते, अंकल, शनिवारी लावू."

"लाव की मग. मला कशाला सांगतोस?"

"कारण तू आहेस ना त्यात!" म्हणत त्यानं बटण दाबलं.

आधी खरखर. मग पाना खाली पडल्याचा आवाज. मग एका कोवळ्या मुलीचा आवाज, हसू दाबत बोललेला: "आधी दार लावा रे. बाना कालुबाला कळलं ना, तर माझी जीभ कापून ढोलावर ताणेल." पोरं खिदळली. डॅनी म्हणाला, "गा गं लवकर, टेप संपेल." आणि ती मुलगी गाऊ लागली. रानकोंबडीचं गाणं. अंडी गवतात लपवून भलतीकडेच ओरडणाऱ्या रानकोंबडीचं.

बाना म्वेवाचा हात भाजी निवडता निवडता तसाच राहिला. कानशिलं तापली, जशी उतू जाणाऱ्या भांड्यावर वाकल्यावर तापतात.

"बंद कर."

"अगं, काय गळा होता तुझा!"

"सिम्पासा, बंद कर म्हणते ना!"

त्यानं बंद केलं. बापडा गोंधळला. "हे रेडिओवर नको," ती म्हणाली. तो म्हणाला, "बाकीची सगळी गाणी म्हणजे कुत्र्यांची भांडणं. हे एकच तर गाणं आहे. पण आवाज तुझा. ठेव तुझ्याकडे, काय ते ठरव." कॅसेट आणि यंत्र तिथंच ठेवून तो कुरकुरत गेला.

त्याला काय ठाऊक? बायकांच्या खोलीतली गोष्ट बाप्यांना ठाऊक असायचं कारणच नाही.

झालं होतं असं. फेलिस्तस आणि तिची मैत्रीण कालुबा, दोघींना एकाच खोलीत कालुबाच्या आईनं शिकवलं होतं. बाना कालुबासारखी नाचिंबुसा त्या वस्तीत दुसरी नव्हती. खोलीतून बाहेर आल्यावर महिन्याभरातच डॅनी मागे लागला, "एखादं आपल्याकडचं गाणं दे की. सगळे बँड परक्यांचीच गाणी वाजवतात." लाडका भाऊ. तिनं गॅरेजात जाऊन एकदा गाऊन दाखवलं, पोरं विसरू नयेत म्हणून टेप लावली. पुढं डॅनीनं त्या चालीवर गिटार चढवली, शब्दही तेच ठेवले आणि बिअर हॉलमध्ये गायला. आठवड्याभरात खाणीत उतरणारे बापे तेच गाणं शिट्टीवर वाजवू लागले.

बायकांच्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्या बायका बसल्या, मुलींना एकेक करून विचारलं. फेलिस्तसनं मान हलवली, "मी नाही." बाना कालुबाला संध्याकाळी घोटभर बिअर लागायची, तीही त्याच हॉलमधली. बायकांना एवढं पुरलं. प्यायली असेल, बरळली असेल. त्या दिवसापासून ती मरेपर्यंत तिच्या हातात कुणी ढोल दिला नाही. बाप्यांनी उष्टावलेलं म्हणून ते गाणंही मुलींना शिकवणं बंद झालं. आणि कुणीतरी शिकवायला हवंच म्हणून काही वर्षांनी बायका फेलिस्तसकडे आल्या. ती म्हणाली, बरं.

देवाजवळ तिनं या गोष्टीची माफी शेकडो वेळा मागितली होती. देवाजवळ मागणं सोपं होतं. देव बाजारात टोमॅटो विकायला बसत नव्हता. कालुबा बसायची.

आणि त्याच शनिवारी कालुबाच्या धाकट्या मुलीला, मेबलला, बाना म्वेवाच शिकवणार होती.

तिनं शेगडी पेटवली. निखारे लाल झाल्यावर कॅसेट चिमट्यात धरली. तेवढ्यात दारातून "ओदी!" अशी, येऊ का विचारणारी हाक आली. कालुबा. काखेत कोंबडी, पाय बांधलेली. नाचिंबुसाला द्यायचा मान. बाना म्वेवानं कॅसेट ओच्यात लपवली.

"ये ना आत."

"नको, इथंच बरी." कालुबा उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली. "सकाळपासून तिघी जणी विचारून गेल्या, मेबलला खरंच बाना म्वेवा शिकवणार? म्हटलं, हो, हो! एकीचं तर तोंडच आंबलं." ती हसली. मग कोंबडीच्या पंखांवरून हात फिरवत म्हणाली, "आमच्या घरात आईनं जे केलं, त्यानंतर कुणाला बोलवायचं म्हणजे माझी जीभच उचलत नव्हती. थोरल्या दोघींना तर परगावच्या बाईनं शिकवलं. तू हो म्हणालीस. देव तुझं भलं करो, फेलिस्तस."

सांगायची वेळ हीच होती. बाना म्वेवानं तोंड उघडलं आणि म्हणाली, "कोंबडी चांगली जड आहे."

कालुबा गेल्यावर ती शेगडीसमोर बसून राहिली. निखाऱ्यांवर राख धरली. कॅसेट ओच्यातच होती. जाळायची तर आता कुणी अडवत नव्हतं, पण हात उचलेना. बाना कालुबाच्या बाजूनं बोलणारं या जगात एवढंच उरलं होतं, आणि तेही तिच्याच तोंडचं. सिम्पासाला तिनं निरोप पाठवला, शनिवारी बाकीचं लाव, हे माझ्याकडेच राहू दे.

शनिवारी दुपारी कालुबाच्या खोलीत पडदे ओढले होते. मेबल चटईवर मान खाली घालून, अंगावरून कापड घेऊन बसलेली. भोवती बायका, ढोल तापवून आणलेले. एक आजीबाई म्हणाली, "चल बाना म्वेवा, हात चालव. मुलगी गुदमरून मरायच्या आत तरी शिकव." सगळ्या हसल्या.

बाना म्वेवानं ढोल बाजूला सारला आणि पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला.

"अगं बाई, आता शिकवायलाही मशीन?"

तिनं बटण दाबलं. खरखर, पाना, हसू. "आधी दार लावा रे. बाना कालुबाला कळलं ना..." गाण्याची दुसरी ओळ येईपर्यंत सगळ्यांच्या माना बाना म्वेवाकडे वळल्या. आवाज कुणाचा ते ओळखायला वेळ लागला नाही. खर्ज नंतर आला होता, पण गाताना ओळीच्या शेवटी आवाज वर उचलायची सवय तीच होती.

टेप संपली. बाना म्वेवा उठली, कालुबासमोर गेली आणि जमिनीवर उताणी पडली. या कुशीवर, त्या कुशीवर लोळून तिनं टाळ्या वाजवल्या. मान द्यायला असं इथं मोठ्यांपुढे करतात, सासूपुढे, राजापुढे. टोमॅटोवाल्या बाईपुढे नाचिंबुसा अशी लोळलेली कुणी पाहिली नव्हती. तिचं डोक्याचं फडकं सुटलं, धूळ केसांत गेली. "मी दिलं गाणं," ती छताकडे बघत म्हणाली. "मी. तुझ्या आईनं नाही. विचारलं तेव्हाही खोटं बोलले."

कालुबानं तिला उठ म्हटलं नाही. बराच वेळ ती मेबलच्या पाठीवरचं कापड नीट करत राहिली. नीटच होतं ते.

"आई," ती शेवटी म्हणाली, "कुणाच्याही घरी ढोल वाजला की नवं चितेंगे नेसून आमच्या दारात बसायची. म्हणायची, एखादी ओळ अडेल, तेव्हा बोलावतील. मी चिडायचे तिच्यावर. म्हणायचे, आत चल, अजून किती लाज काढशील."

आजीबाईनं डोळ्याला पदर लावला.

"ढोल इकडे द्या," कालुबा म्हणाली. "आणि फेलिस्तस, तू दारात बस. बाहेर. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुला माहीत आहे."

बाना म्वेवा उठली. फडकं बांधायचंही तिला सुचलं नाही. ती बाहेर उंबऱ्यापाशी बसली, पाय पोटाशी घेऊन. मागं दार लागलं. थोड्या वेळानं आतून ढोल सुरू झाला, आधी अडखळत, आणि त्यावर कालुबाचा आवाज. रानकोंबडीचं गाणं. बायकांना शब्द आठवत नव्हते, त्या चाचपडत मागून म्हणत होत्या. तिसऱ्या ओळीला सगळ्या अडल्या. बाना म्वेवाला ती ओळ येत होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

अडल्या तशा सुटल्याही. कालुबालाच आठवली ती ओळ.

तेवढ्यात फाटकातून नवऱ्याकडच्या बायका आल्या, डोक्यावर झाकलेली पातेली, पायांत चांगल्या चपला. सगळ्यात पुढच्या आत्याबाई धूळभरल्या डोक्याच्या बाईकडे बघून थबकल्या.

"हे काय? बाना म्वेवा, तुम्ही? आत शिकवणं चाललंय ना? मग तुम्ही बाहेर कशा?"

तिला खोकला आला. तिनं तो येऊन जाऊ दिला.

"बसा," ती म्हणाली, "सांगते. आधी मला एक सांगा, तुमच्यापैकी बाना कालुबा कुणाला आठवते?"