बंद झालेल्या ॲपमधल्या रेणुकाबाई

तेलंगणातल्या मावला गावाच्या कडेला अर्ध्या एकरात रेणुकाबाई वांगी, मेथी आणि अंबाडी पिकवतात आणि आदिलाबादच्या रैतू बजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, नेऊन विकतात. वय अठ्ठावन्न. मनात आलं ते विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बसमध्ये शेजारणीच्या पिशवीत काय आहे, हेसुद्धा त्या विचारून घेतात.

दोन उन्हाळ्यांमागे शेजारच्या फार्महाऊसवर हैदराबादचे शूटिंगवाले आले. त्यांना एक भाजीवाली हवी होती आणि रेणुकाबाई शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच उभ्या होत्या. फॅमिली सीरियल आहे, असं मॅनेजरने हिंदीत सांगितलं. टोपली घेऊन दाराशी जायचं, आतल्या नव्या सुनेला एखादं मायेचं वाक्य बोलायचं आणि परत फिरायचं. वाक्य तुमच्याच भाषेत, तुमच्याच मनाचं बोला, म्हणाला. त्या सात वेळा बोलल्या. एकच गोष्ट सात वेळा सांगितली आणि सातही वेळा लोकांनी गप बसून ऐकली, असं त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडलं होतं.

मोबाइलवर कोणत्या ॲपवर दिसेल, ते मॅनेजरने सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. सून अश्विनीने तो कागद वाचला, घडी करून ठेवला, आणि पुढे वर्षभर "अजून आलं नाही आत्या" एवढंच सांगत राहिली.

मग २०२५च्या जुलैत सरकारने अश्लील चित्रं दाखवणारी पंचवीसेक ॲपं बंद केली. टीव्हीवर नावं सांगत होते. त्यातलं एक नाव रेणुकाबाईंनी ओळखलं. अश्विनीला खरं सांगावंच लागलं. नवरा नागोराव ताटावरून उठले आणि ही गोष्ट घरात पुन्हा निघू नये, म्हणाले.

चार दिवस रेणुकाबाईंना मान वर करवली नाही. आपल्याला फसवून कशात उभं केलं, या विचाराने जेवण जाईना. पाचव्या दिवसापासून लाज ओसरत गेली, पण कुतूहल मात्र तसंच राहिलं. आपण दिसलो कशा?

त्या सुरेंद्रच्या मोबाइल दुकानात गेल्या. आता ते उघडत नाही, सरकारने बंद केलं, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"बंद व्हायच्या आंधी कोनी तरी पाह्यलं असन ना?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर पडली. सुरेंद्र काउंटरची काच पुसू लागला. बजारातही तेच झालं. ज्याला विचारावं, त्याने म्हणे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. रोज मेथी नेणारे उद्धवराव तर दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या दुकानावर जाऊ लागले. यांनी पाहिलंय, हे रेणुकाबाईंनी तेव्हाच ताडलं.

पंधरा दिवसांनी दामिनी आली. चाळिशीची नर्स, नवरा वारून सहा वर्षं झालेली. ती बराच वेळ वांगी निवडत राहिली. आजूबाजूला कोणी नाहीसं पाहून म्हणाली, "काकू, मी पाह्यलं."

रेणुकाबाईंनी तिला पोत्यावर बसवलं. "काऊन पाह्यलं व माय?"

दामिनीने हातातलं वांगं परत टोपलीत ठेवलं. "घर रिकामं रायते. कोनी कोनाच्या जवळ गेलेलं तरी दिसते."

रेणुकाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मग विचारलं, "मी कशी दिसत होती?"

"खऱ्या दिसत होत्या. बाकी सारे खोटे." दामिनी जवळ सरकली. "पन आवाज तुमचा नव्हता. कोन्या दुसऱ्या बाईचा, हिंदीत. लय वंगाळ बोलवलं तुमच्या तोंडून. तुमी खरं काय म्हनल्या होत्या?"

हे ऐकून मात्र रेणुकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने डोळे टिपून त्यांनी शूटिंगमधलं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, "पोरी, माहेरची आठवन आली तं माह्या वावरात येत जाय. मी दिवसभर तितंच असतो."

दामिनीने ते ऐकलं आणि वांगी न घेताच निघून गेली. पुढच्या रविवारी ती वावरात आली, आणि मग दर रविवारी येऊ लागली.

कोणी सांगितलं ते रेणुकाबाईंनी घरी बोलून दाखवलं नाही. काय सांगितलं, तेवढं नागोरावांना ऐकवलं. ते बराच वेळ मेथीच्या जुड्या बांधत राहिले. शेवटी हळूच विचारलं, "पदर होता डोक्यावर?"

"होता."

"मंग ठीक हाय."

यंदाच्या हिवाळ्यात दुसऱ्याच एका माणसाचा फोन आला. लोणच्याची जाहिरात होती, बाजारहत्नूर गावाकडे शूटिंग होतं. रेणुकाबाईंनी त्याला अर्धा तास सोडलं नाही. कुठे दिसणार, मागेपुढे काय दाखवणार, आवाज कोणाचा राहणार? आवाज तुमचाच, पण तेलुगूत बोलावं लागेल, असं तो म्हणाला. त्यांनी ते कागदावर लिहून मागितलं आणि दामिनीकडून वाचून घेतलं.

बजारात भाव सांगता-सांगता शिकलेलं तेलुगू त्यांना पुरलं. दोघी सकाळच्या बसने गेल्या. या वेळी तीनदाच बोलावं लागलं.