पाण्याचा एक घोट

शेजारच्या द्राक्षबागेत भुरी रोगावर गंधक धुरळलं की त्या वासासरशी मला माहेरची एक सकाळ आठवते. धुरळणीच्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचेच घसे धरलेले असायचे आणि सगळं गंधकावर ढकललं जायचं. त्यामुळे मोठ्या भावाचा घसा दुखतोय याचंही कुणाला काही वाटलं नाही. "गुळण्या कर, जाईल," वडील म्हणाले होते. त्या सकाळी तो दारातल्या ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून, पुढे झुकून बसला होता. अंग तापाने फणफणलं होतं आणि तोंडात गरम घास धरून बोलावं तसा त्याचा आवाज येत होता. चहा त्याने तसाच खाली ठेवला. वहिनीने त्याच्या हनुवटीखालचा टॉवेल हातात घेतला, तर तो लाळेने ओला झालेला. "यांना थुंकी पण गिळता येईना," ती वडिलांना म्हणाली, "हे साधं दुखणं नाय. आत्ताच नाशिकला न्यायचं." गाडीत वडील त्याला मागे टेकायला सांगत होते, तो हातानेच नको म्हणत होता. प्रत्येक श्वासाला बारीक शिट्टी वाजत होती. नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती. तिथे ती शिट्टी थांबली. "डोळा लागला वाटतं, जरा आराम पडला," वडील म्हणाले. वहिनीला कळलं होतं, श्वासच थांबला होता. तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. आता माझ्या घरात कुणाचा घसा दुखला की मी आधी पाण्याचा पेला हातात देते आणि घोट खाली उतरेपर्यंत समोरून हलत नाही.